तुझा थर्मामीटर खरा की माझा?

समुद्र हवेला किती उष्णता देतो, किती वाफ देतो हे मोजायला शास्त्रज्ञ जहाजं घेऊन भर समुद्रात जातात. तिथे गेल्यावर आधी काय करतात? आपापली यंत्रं शेजारी शेजारी ठेवून कुणाचं खरं यावर वाद घालतात. हा वाद आपल्या पावसाशी, पाचूबंदरच्या होड्यांशी आणि बंद पडणाऱ्या विरार लोकलशीही जोडलेला आहे.

नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे सात. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मी आणि माझी मैत्रीण गुडघाभर पाण्यात उभ्या. हातात प्लॅस्टिकची बादली आणि फिश टँकमध्ये लावतात तसले दोन डिजिटल थर्मामीटर. टी.वाय.च्या प्रोजेक्टसाठी समुद्राच्या पाण्याचं तापमान घ्यायचं होतं. काम एकदम सोपं. बादली बुडवायची, थर्मामीटर टाकायचा, आकडा लिहायचा आणि घरी जाऊन पोहे खायचे.

तिचा थर्मामीटर म्हणाला २७.७. माझा म्हणाला २८.४.

"तुझा बिघडलाय."

"माझा? आधी स्वतःचा बघ!"

पाच मिनिटं वाद घातला आणि परत रीडिंग घेतलं. आता तिचा २७.४ आणि माझा २८.१. आकडे दोघींचेही खाली आले, भांडण मात्र तेवढंच राहिलं. शेजारी जाळं साफ करत बसलेले काका मघापासून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "पोरींनो, दर्याचं मोजताय का बादलीचं?"

आम्ही हसलो. पण घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, काकांनी विचारलेल्या या प्रश्नावर जगभरातल्या शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं डोकं खपवलंय.

०.७ ने काय बिघडतं?

एसी २४ वर आहे की २४.७ वर, कुणाला कळतं? मग समुद्राच्या बाबतीत एवढी किरकिर कशाला?

सुलोचना गाडगीळ हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. जन्म पुण्याचा, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मान्सूनवर आयुष्यभर काम केलं. १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासोबत त्यांचा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. उपग्रहातून दिसणारे समुद्रावरचे ढग आणि त्यांच्या खालच्या पाण्याचं तापमान, या दोन गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. त्यातून दिसलं ते असं: पाणी साधारण २८ अंशांच्या खाली असेल, तर त्यावर मोठे, पाऊस देणारे ढगांचे समूह फारसे जमत नाहीत. २८ च्या वर गेलं की जमू शकतात. जमतीलच असं नाही, पण निदान दार उघडतं.

आता आमची वही बघा. तिच्या आकड्याने दार बंद, माझ्या आकड्याने उघडं. समुद्र एकच, मिनिट तेच, बादलीही तीच. किनाऱ्यावरच्या एका बादलीवरून ढग ठरत नाहीत, हे मान्य. पण जगभरातली हजारो जहाजं आणि बोये रोज आकडे पाठवतात. त्यांच्यात असाच फरक असला आणि तो कुणी तपासलाच नाही, तर?

मिठागर आणि बोंबील

समुद्र आणि हवा यांचा व्यवहार चोवीस तास चालू असतो. सूर्य समुद्राला उष्णता देतो. समुद्र त्यातली काही परत सोडतो, काही वाफेसोबत हवेत पाठवतो. वारा पाण्याला ढकलतो, लाटा उठतात, पाणी ढवळलं जातं. पाऊस पडला की गोडं पाणी समुद्रात परत येतं. कार्बन डायऑक्साइडसारखे वायूही इकडून तिकडे जात असतात.

वसईकरांना हा व्यवहार डोळ्यांनी दिसतो. नायगाव-भाईंदरकडची खाडीकाठची मिठागरं आठवा. खाडीचं पाणी आत घ्यायचं, ऊन-वारा लागू द्यायचा, वाफ उडून गेली की खाली मीठ. दोरीवर वाळत टाकलेले बोंबीलसुद्धा तेच शिकवतात. ऊन कडक असूनही हवा दमट आणि वारा पडलेला असेल, तर ते लवकर वाळत नाहीत. कोरडा वारा सुटला की बघता बघता कडक होतात. म्हणजे वाफ किती उडणार हे फक्त उन्हावर ठरत नाही. वारा किती आहे आणि हवा किती कोरडी आहे, यावरही ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पाण्याची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते. दिवसभरात समुद्रातून १ मिलिमीटर पाणी उडून जायचं असेल, तर दर चौरस मीटरला सरासरी २८ वॅट खर्च होतात. म्हणजे घरातले ९ वॅटचे तीन एलईडी बल्ब, एक चौरस मीटरच्या तुकड्यावर, रात्रंदिवस चालू. आता हे अख्ख्या अरबी समुद्रावर पसरा! ही उष्णता कुठे हरवत नाही. वाफेचे पुन्हा थेंब होतात तेव्हा ती वर ढगात मोकळी होते, आणि त्याच इंधनावर ढग फुगतात. चक्रीवादळही याच इंधनावर चालतं. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्यासमोरून वर गुजरातकडे गेलं, त्यालाही ताकद मिळाली ती तापलेल्या अरबी समुद्राकडून.

एका बल्बची चूक

मग किती अचूक मोजायचं? १९९२-९३ मध्ये पश्चिम पॅसिफिक महासागरात 'टोगा कोअर' नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. त्यात शास्त्रज्ञांनी स्वतःला एक टार्गेट दिलं: उष्णतेच्या सगळ्या जमाखर्चाची गोळाबेरीज दर चौरस मीटरला १० वॅटच्या आत बरोबर यायला हवी. म्हणजे फार तर एका एलईडी बल्बाएवढी चूक चालेल.

एका बल्बने काय होतं? साधा हिशोब करू. समुद्राच्या वरच्या ५० मीटर पाण्याला वर्षभर १० वॅट जास्त मिळाले आणि ती उष्णता तिथेच राहिली, तर ते पाणी जवळपास दीड अंशाने तापेल. दीड अंश! कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये एका बल्बची चूक घुसली, तर आतला समुद्र हळूहळू खऱ्या समुद्रापेक्षा वेगळाच होऊन बसतो.

आणि आमच्या भांडणाची किंमत किती? तेही काढून पाहिलं. ताशी २५ किलोमीटरचा वारा धरला, तर पाण्याच्या तापमानातल्या ०.७ अंशाच्या फरकाने बाष्पीभवनाचं उत्तर २० वॅटहून जास्त बदलतं. दोन बल्ब! जगातले शास्त्रज्ञ एका बल्बसाठी झुरतात आणि आम्ही एका बादलीत दोन उडवले.

मोजायचं कसं? विरार लोकलसारखं

हवेतून वर जाणारी वाफ मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. त्या समजायला सकाळचं नालासोपारा स्टेशन पुरेसं आहे.

समजा, या स्टेशनवरून मुंबईकडे खरोखर किती माणसं गेली हे मोजायचंय. पहिली पद्धत: प्रत्येक डब्याच्या दारात उभं राहा आणि चढलेला, उतरलेला प्रत्येक माणूस मोजा. नुसते चढलेले मोजून चालत नाही. सीट मिळावी म्हणून आधी उलट विरारला जाणारे आणि तीच गाडी पकडून परत येणारे हिशोब बिघडवतात. त्यामुळे चढलेले वजा उतरलेले, असं निव्वळ उत्तर काढावं लागतं.

हवेतही असंच होतं. समुद्रालगतची हवा सतत छोट्या-छोट्या भोवऱ्यांनी वर-खाली होत असते. वर जाणारा झोत जरा जास्त ओलसर असतो, खाली येणारा जरा कोरडा. दोन्हींचा हिशोब केला की कळतं, निव्वळ किती वाफ वर गेली. त्यासाठी सेकंदाला दहा-वीस वेळा मोजणारा वारामापक लागतो. त्याला फिरणाऱ्या वाट्या नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाठवतात. वाऱ्याच्या दिशेने आवाज लवकर पोहोचतो, वाऱ्याविरुद्ध उशिरा. त्या फरकावरून वारा कळतो. जोडीला तेवढ्याच वेगाने हवेतली वाफ मोजणारं इन्फ्रारेड यंत्र असतं.

ऐकायला भारी वाटतं, पण जहाजावर याचे हाल होतात. लाटांवर जहाज वर-खाली होतं आणि यंत्राला वाटतं वाराच वर-खाली झाला. मग जहाजाची हालचाल वेगळी मोजून वजा करावी लागते. खुद्द जहाजाला वळसा घालताना वारा वाकतो. भिंगांवर मीठ साचतं. पाऊस आला की रीडिंग गेलं.

म्हणून दुसरी पद्धत: अंदाजाचं सूत्र. स्टेशनवर रोज दारात कोण उभं राहणार? त्यापेक्षा फलाटावर गर्दी किती, डब्यात जागा किती, गाड्या किती हे बघा आणि एका अनुभवाच्या आकड्याने गुणा. समुद्रावर हेच करतात. वाऱ्याचा वेग गुणिले पाण्यालगतच्या आणि वरच्या हवेतल्या ओलाव्याचा फरक गुणिले एक ठरलेला गुणक. बोंबील आठवले? वारा आणि कोरडेपणा, तेच दोन घटक! बोयावर वारामापक, थर्मामीटर आणि दमटपणा मोजणारं यंत्र ही साधी उपकरणं असली की काम होतं. टोगा कोअरमधून तयार झालेलं 'कोअर' नावाचं सूत्र सुधारत सुधारत आजही जगभर वापरलं जातं.

पण मधला तो गुणक आला कुठून? ज्या दिवशी कुणीतरी दारात उभं राहून खरंच माणसं मोजली होती, त्या दिवसांवरून. म्हणजे सोपी पद्धत अवघड पद्धतीच्या खांद्यावर उभी आहे, आणि दोन्ही अधूनमधून एकमेकींशी ताडून बघाव्याच लागतात.

बादलीने घातलेला घोळ

आता काकांच्या प्रश्नाकडे. पाच मिनिटांत आमच्या बादलीतलं पाणी ०.३ ने थंड का झालं? वारा होता, वाफ उडाली आणि जाताना उष्णता घेऊन गेली. जे मोजायला निघालो होतो, त्यानेच मोजणी बिघडवली!

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं नाही. पूर्वी जहाजावरचे खलाशी कॅनव्हासची बादली समुद्रात सोडून पाणी वर घ्यायचे आणि त्यात थर्मामीटर बुडवायचे. ओली कॅनव्हास म्हणजे जवळपास पाण्याचा माठच, वर येईपर्यंत पाणी गार. पुढे मोठ्या जहाजांवर इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहायला लागले. ते इंजिनरूमच्या उबेने किंचित गरम भरायचं. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावून बादली ओढणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं. त्यामुळे इंजिनरूमचे आकडे वाढले, त्यातही अमेरिकी जहाजांचे. १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि नोंदींमध्ये ब्रिटिश जहाजांच्या बादल्यांचा वाटा पुन्हा एकदम वाढला.

परिणाम? जगाच्या सरासरी तापमानाच्या आलेखात १९४५ ला अचानक साधारण ०.३ अंशाची घसरण दिसत होती. २००८ मध्ये 'नेचर'मधल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिलं, की त्या वर्षी समुद्र काही अचानक थंड झाला नव्हता, मोजण्याची पद्धत बदलली होती. साठ वर्षं एक बादली जगाच्या आलेखात लपून बसली होती!

आपला पाऊस कुणाचा?

आता आपल्या घरची गोष्ट. जूनमध्ये वसईवर कोसळणारा पाऊस नेमका कुठल्या पाण्याचा? समोरच्या अरबी समुद्राचा, की विषुववृत्तापलीकडून आलेला?

१९६० च्या दशकात हा प्रश्न मुंबईत गाजला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती, सुमारे ४० जहाजं हिंदी महासागर पिंजून काढत होती आणि तिच्या हवामानाच्या कामाचं केंद्र होतं कुलाब्याला. या मोहिमेतल्या नोंदींवरून पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये हिशोब मांडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. त्यांचं उत्तर होतं: पश्चिम किनाऱ्यावरून आत येणाऱ्या वाफेचा मोठा वाटा अरबी समुद्रातच तयार होतो.

१९७३ मध्ये पुण्याच्याच साहा आणि बावडेकर यांनी पुन्हा हिशोब केला. उत्तर उलटं आलं. जास्त वाफ विषुववृत्त ओलांडून येते, अरबी समुद्राची भर त्याहून कमी. मधल्या काळात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा नीट लक्षात आला होता. दोन्ही हिशोब प्रामाणिक होते. पण मोजणारी यंत्रं कुठे होती आणि कुठे नव्हती, यावर उत्तर हललं. आज आपल्याला माहीत आहे, की पावसात वाटा दोघांचाही असतो. कुणाचा किती, यावर काम अजून चालू आहे.

हे जुन्या शास्त्रज्ञांचं अंगतपंगत नाही. २०१७ मध्ये पुण्याच्या संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाफेच्या चढउतारांशी आहे. अतिवृष्टी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजवायला नको. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीतली माणसं अडकली, लांबच्या गाडीतल्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं. असा पाऊस दोन दिवस आधी नीट सांगता यायचा असेल, तर समुद्रातून किती वाफ उठतेय हे आधी नीट माहीत हवं.

जहाजाला जहाज लावून

म्हणूनच मोठ्या प्रयोगांमध्ये एक काम न चुकता होतं. जहाजं एकमेकांजवळ येतात, बोयाजवळ थांबतात आणि सगळे एकाच हवेत, एकाच पाण्यावर मोजतात. मग आकडे मांडून बघायचं, कोण किती हटून आहे. टोगा कोअरमध्ये हे पुन्हा पुन्हा केलं गेलं. तिथे पाण्याच्या अगदी वरच्या थराचं तापमान घ्यायला जहाजाच्या बाजूने तरंगती नळी सोडायचे, टोकाला थर्मामीटर. तिचं टोपणनाव 'समुद्री साप'! कारण दुपारी वारा पडला, की वरचा पातळ थर खालच्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी तापू शकतो. काही मीटर खाली मोजलं तर हे कळतच नाही.

त्याच प्रयोगात फुग्यांसोबत सोडलेली दमटपणा मोजणारी काही यंत्रं हवा खऱ्यापेक्षा कोरडी दाखवत होती. शोध घेतला तर दोषी निघालं पॅकिंगचं सामान. त्यातून सुटणाऱ्या वाफांनी यंत्राचा संवेदक आधीच बिघडवला होता. पुढे सगळे आकडे दुरुस्त करावे लागले. एकाच कंपनीची, एकाच खोक्यातली यंत्रं वापरून हे कधी सापडलं नसतं, सगळी एकसारखीच चुकली असती.

आपल्याकडे जुलै-ऑगस्ट १९९९ मध्ये बंगालच्या उपसागरात 'बॉबमेक्स' झाला, 'सागर कन्या' आणि 'सागरध्वनी' ही जहाजं त्यात होती. मग २००२ मध्ये अरबी समुद्रातला 'आर्मेक्स'. पश्चिम किनाऱ्यावरचा मुसळधार पाऊस कसा तयार होतो, हे बघायला शास्त्रज्ञ निघाले. आणि त्याच जुलैमध्ये देशभरात पाऊस झाला सरासरीच्या जवळपास निम्मा! निसर्ग आपलं टाइमटेबल बघत नाही.

यंत्रं जुळवायचा हा आग्रह आपल्याकडे नवा नाही. १९४८ पासून पुण्यात हवामान खात्याच्या उपकरणांचं काम सांभाळणाऱ्या ॲना मणी यांनी ही यंत्रं देशातच एका मापाने बनावीत, तपासली जावीत यासाठी आयुष्य घालवलं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं त्यांनी देशभर उभारली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हे त्यांचं ठाम मत होतं.

बोया आणि होडी

एक बोया किती शिकवू शकतो, याचा नमुना ऐका. ऑक्टोबर १९९४ पासून वर्षभर अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेने ओमानच्या आग्नेयेला अरबी समुद्रात एक बोया नांगरून ठेवला होता. पावसाळ्यात तिथलं पाणी थंड होतं, हे आधीपासून माहीत होतं. पण बोयाच्या आकड्यांनी दाखवलं, की त्या काळातही समुद्राला वरून मिळणारी उष्णता खर्चापेक्षा जास्त होती. वरून कमाई चालू, तरी पाणी थंड! कारण मान्सूनचा वारा समुद्र इतका ढवळतो, की खालचं गार पाणी वर येतं.

आज आपल्या समुद्रांमध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे बोये आहेत. ते उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. हैदराबादचं 'इन्कॉइस' मच्छीमारांना लाटांचा, वाऱ्याचा अंदाज आणि मासळी कुठे मिळेल याचा सल्ला देतं, त्यालाही समुद्रातल्या अशा मोजमापांचा आधार लागतो. तुम्ही म्हणाल, उपग्रह आहेत की! आहेत, पण पाण्यालगतच्या हवेचं तापमान आणि ओलावा त्यांना थेट बघता येत नाही. आणि वारा मोजणारे उपग्रह किनाऱ्याजवळ गडबडतात, जमिनीची सावली त्यांच्या आकड्यांत मिसळते. उपग्रह बरोबर बोलतोय की नाही, हे शेवटी बोयालाच विचारावं लागतं.

आणि या बोयांचा मोठा शत्रू वादळ नाही, माणूस आहे. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात. त्यामुळे मासेमारी बोटी बोयाजवळ येतात, कधी त्याला दोर बांधतात, कधी त्याचे भाग तुटतात, चोरीला जातात. भारतीय समुद्रातल्या बोयांना हा त्रास वर्षानुवर्षं होतोय. मच्छीमारांना समजावण्याच्या मोहिमाही चालतात. समजावणं सोपं नाही. डिझेल भरून दूर गेलेल्या होडीला बोयाखाली मासळी दिसते. तोच बोया उद्याच्या वादळाचा अंदाज सुधारणार असतो, आणि तो अंदाज याच होडीला लागणार असतो.

करून बघा

तुमच्या गच्चीवर किंवा किनाऱ्यावर हा खेळ जमेल.

एक: दोन थर्मामीटर घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे.

दोन: एका ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरा, थोडं पाणी घाला, ढवळा. दोन्ही त्यात बुडवा, काही मिनिटं थांबा. इथे उत्तर माहीत आहे, शून्य. कोण किती चुकतो ते लिहून ठेवा.

तीन: दोघांना एकाच जागी, एकाच वेळी ठेवून वाचा. मग जागांची अदलाबदल करा आणि परत वाचा. फरक यंत्रासोबत सरकला, तर दोष यंत्राचा. जागेवरच राहिला, तर दोष जागेचा.

चार: दोन सारख्या ताटल्यांत मोजून सारखंच पाणी घाला. एक पंख्याखाली ठेवा, दुसरी आडोशाला. दोन तासांनी पुन्हा मोजा. तिसऱ्या ताटलीत भरपूर मीठ घातलेलं पाणी ठेवलंत तर आणखी मजा, खारं पाणी हळू उडतं.

शेवटी काय झालं?

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही हेच केलं. बर्फात तिच्या थर्मामीटरने दाखवलं ०.१. माझ्याने ०.८.

म्हणजे माझाच खोटा निघाला. ती दहा मिनिटं हसत होती. मग आम्ही वहीतल्या सकाळच्या आकड्यांतून आपापल्या चुका वजा केल्या. २७.७ मधून ०.१ आणि २८.४ मधून ०.८. दोन्हीकडे २७.६ आलं. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

थर्मामीटर मी फेकला नाही. त्याच्यावर चिकटपट्टी लावून पेनने 'उणे ०.८' लिहिलंय. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावरही तेच लिहिलं, आणि त्याखाली बादली किती मिनिटं वाऱ्यात होती ते.

पुढच्या रविवारी परत पाचूबंदरला गेलो. या वेळी बादली घरी ठेवली आणि थर्मामीटर थेट पाण्यात धरले. काका तिथेच होते. लांबूनच ओरडले, "आज दर्याचं ना?"

"हो काका, आज दर्याचं!"